बीप वाजला की आधी थांबायचं

माझ्या मावसभावाने गेल्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून मेटल डिटेक्टर मागवला. खोक्यातून लांब दांडी आणि ताटलीएवढं गोल कडं बाहेर आलं, तेव्हा मावशीने एवढंच विचारलं, "ह्याने घर झाडून होतं का?" होत नाही. ह्याने जमिनीखालचं नाणं सापडतं, निदान यूट्यूबवर तरी.

एका रविवारी सकाळी सहाला तो मला घेऊन पुण्यातल्या एका बागेत गेला. कानाला हेडफोन लावून तो गवतावरून कडं फिरवत होता आणि मी हातात खुरपं घेऊन मागे. दोन तासांत सापडलं ते असं: सोड्याच्या बाटलीची सात बुचं, केसांची एक पिन, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद, एक गंजकी किल्ली आणि दोन रुपयांची तीन नाणी. मी चहाचं नाव काढणार तेवढ्यात आणखी एक बीप वाजला. वीतभरही खाली नसेल, मातीत एक हिरवट चकती होती, मधोमध मोठं भोक असलेली.

भोकाचा पैसा! आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेला. अंगठ्याने माती पुसली तर मुकुटाची पुसट आकृती आणि १९४४ साल दिसलं. दुसऱ्या महायुद्धात धातूची चणचण होती म्हणून ब्रिटिश सरकारने १९४३ पासून पैशाला भोक पाडून तांबं वाचवलं. १९४७ पर्यंत हा पैसा निघत होता. आजी सांगायची, लोक तो नटबोल्टला वॉशर म्हणून लावायचे, कारण वॉशर महाग आणि पैसा स्वस्त.

तेवढ्यात वॉचमनकाका आले. "काय हरवलंय का?" भावाने खरं ते सांगितलं. काका म्हणाले, "बाग महापालिकेची आहे. परवानगीचा कागद आहे का?" तो नव्हता. "मग खड्डे बुजवा आणि निघा."

आम्ही खड्डे बुजवले. बाहेर अमृततुल्यात चहा घेताना भाऊ म्हणाला, "ताई, बागेत काही नसतंच गं. खरी जागा म्हणजे किल्ला. पाऊस संपला की जाऊ."

मी "बघू" म्हणाले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याला सांगायचं होतं ते चहाच्या एका कपात मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

बंदुकीच्या गोळीपासून बागेपर्यंत

हे यंत्र नाण्यांसाठी जन्मलंच नाही. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात अडकली आणि डॉक्टरांना ती सापडेना. एक्स-रेचा शोध लागायला अजून १४ वर्षं होती. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल एक विजेचं उपकरण घेऊन आले. धातू जवळ आला की त्यातून आवाज यायचा. पण प्रयोग फसला. पलंगाच्या धातूच्या स्प्रिंगांनी गोंधळ केला, आणि डॉक्टरांनी बेलना शोधू दिलं ते शरीराच्या उजव्या बाजूला. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले.

तत्त्व मात्र खरं होतं आणि आजही तेच आहे. कड्यातल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जमिनीत धातू असेल तर त्यात छोटे भोवरे उठावेत तसे प्रवाह फिरतात, ते स्वतःचं क्षेत्र तयार करतात आणि यंत्राला ते कळतं. म्हणून बीप. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत बरी कळते, त्याखाली कठीण.

१९३७ मध्ये अमेरिकेत गेरहार्ड फिशर यांना अशा यंत्राचं पेटंट मिळालं. पाठोपाठ महायुद्ध आलं. योझेफ कोसात्स्की या पोलिश सैनिकी अधिकाऱ्याने सुरुंग शोधणारं हातातलं यंत्र तयार केलं आणि १९४२ मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात ते वापरलं गेलं. युद्ध संपल्यावर उरलेली यंत्रं बाजारात आली आणि शोध सुरुंगांकडून नाण्यांकडे वळला. म्हणजे भावाच्या हातातल्या दांडीच्या वंशावळीत एक मरणासन्न अध्यक्ष आहे आणि एक रणांगण. भोकाचा पैसाही त्याच युद्धाचा. दोघांची भेट पुण्याच्या बागेत झाली.

आपल्याकडे शोधण्याची कला यंत्राआधीपासून आहे. सोनाराच्या दुकानापुढची धूळ गोळा करून, धुऊन, त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपण ऐकलेले असतात. नदीच्या घाटावर दोरीला चुंबक बांधून पाण्यात फेकणारी पोरं तर तुम्ही पाहिलीही असतील. चुंबकाची गंमत अशी की त्याला आजची पोलादी नाणी चिकटतात, जुनी तांब्याची आणि चांदीची नाणी नाही. त्यामुळे पोरांच्या हाती कालपरवाची दक्षिणा लागते आणि शेकडो वर्षांपूर्वीची तळाशी राहते. डिटेक्टरने नेमका हा फरक पुसून टाकला.

बागेखाली काय असतं

आता सारसबागेचंच घ्या. पर्वतीच्या पायथ्याशी अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी तळं बांधवलं, मधल्या बेटावर पुढे गणपती आला, म्हणून तो तळ्यातला गणपती. विसाव्या शतकात तळं गेलं आणि बाग आली. आज तिथे भेळ खाणारा माणूस एका तळ्याच्या तळाशी उभा असतो.

शहरातल्या बऱ्याच बागांची जमीन अशीच उलथीपालथी झालेली असते. भराव टाकलेला, लॉनसाठी माती दुसरीकडून आणलेली. समजा तिथे शिवराई सापडली. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळी सुरू झालेलं तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपती'. पुढे पेशवाईतही ती पाडली गेली आणि इंग्रज आल्यावरही बराच काळ बाजारात चालली. तर बागेत मिळालेली ही शिवराई कुणाच्या कनवटीची? तिथे बसलेल्या माणसाची, की ट्रकमधून आलेल्या मातीबरोबर चार कोसांवरच्या शेतातून आली? सांगता येत नाही. नाणं आहे, पण त्याचा पत्ता हरवलेला आहे.

किल्ल्यावर, जुन्या गावठाणात, नदीकाठच्या पांढरीत तसं नसतं. तिथे माती थरांनी बसलेली असते, जुनं खाली आणि नवं वर. नाणं ज्या थरात, त्या थरातली चूल, खापरं, भिंत यांचा काळ त्यावरून लागतो, आणि चुलीवरून नाण्याचा. भाऊ म्हणतो बागेत काही नाही, किल्ल्यावर आहे. बरोबर आहे. म्हणूनच तिथे खुरपं मारायचं नाही. बागेत आपण फार तर वॉचमनकाकांचं लॉन बिघडवू. किल्ल्यावर आपण एक पान फाडू, आणि ते कुठल्या वहीचं होतं हे कुणालाच कळणार नाही.

जोगलटेंभीचा ठेवा

हे पुस्तकी वाटत असेल तर नाशिकला चला. सिन्नर तालुक्यात दारणा आणि गोदावरीच्या संगमाजवळ जोगलटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. शेपन्नास नव्हे, १३ हजारांहून जास्त नाणी.

ही नाणी नहपान या क्षहरात घराण्यातल्या क्षत्रपाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत नाव. एका नाण्यावर तीन लिप्या! साधारण १९०० वर्षांपूर्वी नाशिकच्या बाजारात हा पैसा खुळखुळत होता. पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची ठेव ठेवली, तीही गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे. २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल तसंच राहणार, व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि इतर खर्च. आजची मुदत ठेवच की, फक्त पासबुक दगडात कोरलेलं.

पण जोगलटेंभीची खरी बातमी पुढे आहे. त्या १३ हजारांपैकी ९ हजारांहून जास्त नाण्यांवर दुसरा ठसा होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने तीन कमानींचा डोंगर हाणला होता आणि पाठीमागे उज्जैन चिन्ह. काही नाण्यांवर दोन्ही राजे दिसतात, जुन्याचं नाक आणि नव्याचा डोंगर. चांदी वितळवून नवी नाणी पाडत बसण्यापेक्षा जुन्यावरच आपला शिक्का मारून पैसा पुन्हा बाजारात सोडला होता. सत्ता बदलली हे प्रत्येकाच्या मुठीत पोचवण्याचा ह्याहून जलद मार्ग तेव्हा नव्हता.

रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ह्या नाण्यांचा अभ्यास केला आणि त्यांचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात आला. त्यातून काय कळलं? गौतमीपुत्राने क्षहरातांचा नायनाट केला, असं त्याची आई गौतमी बलश्री पांडवलेण्यांतल्या ३ क्रमांकाच्या लेण्यात सांगते. पण आई मुलाचं कौतुक करणारच. तिने सांगितलेल्या गोष्टीला दुसरा साक्षीदार हवा होता, तो जोगलटेंभीच्या मातीतून निघाला.

आता नीट बघा, साक्ष नेमकी कशात आहे. असं एक नाणं सुटं मिळालं असतं तरी 'गौतमीपुत्राने नहपानाच्या नाण्यावर ठसा मारला' एवढं कळलंच असतं. पण नहपान आणि गौतमीपुत्र यांच्यामध्ये आणखी कुणी राजा झाला का? हे एका नाण्याने कळत नाही. ते कळतं साठा अख्खा पाहिल्यावर, कारण ह्या हजारो नाण्यांत मधल्या कुणा राजाचं नाणंच नाही. जे सापडलं त्याच्याइतकंच महत्त्व जे सापडलं नाही त्याला आहे. आणि 'नाही' हे सिद्ध करायला सगळं एकत्र असावं लागतं. शंभर जणांनी मूठमूठ नाणी खिशात घालून नेली असती, काही सोनाराच्या मुशीत गेली असती आणि काही संग्राहकांच्या अल्बममध्ये, तर सगळी नाणी जगात असूनही ही गोष्ट जगात नसती. दोनतृतीयांश नाण्यांवर ठसा होता आणि बाकीच्यांवर नव्हता, हे प्रमाणही हरवलं असतं.

असीरगडच्या रात्री

जोगलटेंभीच्या उलट उदाहरण अगदी ताजं आहे. मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. रात्री शेतात टॉर्चचे ठिपके, शेकडो लोक खणताहेत, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन. रस्त्याच्या कामासाठी खणलेल्या मातीत सोन्याची नाणी निघाल्याची आवई उठली होती, आणि नुकताच 'छावा' पाहिलेल्यांना तिच्यावर विश्वास ठेवायला फारसं काही लागलं नाही. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूर लुटलं हे खरंच आहे. बऱ्हाणपुरात मुघलांची टांकसाळ होती हेही खरं. शेवटी प्रशासनाला खणणं थांबवावं लागलं.

त्या लोकांना हसू नका. दिवसाची मजुरी किती आणि एका मोहरेची किंमत किती, हे गणित ज्याला सुटतं तो रात्री शेतात जाणारच. मला वाईट वाटतं ते वेगळ्या गोष्टीचं. त्या रात्रींत कुणाला खरोखर नाणं मिळालं असेल, तर ते कुणाचं होतं, किती खोल होतं, सोबत काय होतं, हे मिळवणाऱ्यालाही सकाळी सांगता आलं नसतं. आणि आठवलं असतं तरी तो बोलला नसता.

दहा रुपयांचा कायदा

तो का बोलला नसता, ह्याचं अर्धं उत्तर कायद्यात आहे. आपल्याकडे अजूनही १८७८ चा निखात निधी कायदा चालतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे आणि कधी. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. १८७८ मध्ये दहा रुपये म्हणजे जवळपास दहा तोळे चांदी. आज दहा रुपयांत कटिंग येतो, पण कायद्यातला आकडा तोच आहे.

कळवल्यावर चौकशी होते. कुणी मालक निघाला नाही, तर वस्तू सापडणाऱ्याला मिळू शकते. जागामालकाने दावा केला तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक जागामालकाचा. ऐकायला बरं वाटतं. पण सरकारला तो ठेवा स्वतःकडे घ्यायचा असेल तर द्यायची किंमत किती? त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. संग्राहक ज्या नाण्याला लाख रुपये देईल, त्याचे सरकारी हिशेबात चांदीच्या वजनाएवढे पैसे. मग गरीब शेतकरी तहसील कार्यालयाकडे जाईल की सराफाकडे?

हा कायदा ज्यांनी आपल्याला दिला, त्यांनी स्वतःच्या देशात १९९६ मध्ये नवा कायदा केला. तिथे वस्तुसंग्रहालयाला ठेवा हवा असेल तर बाजारभावाने मोबदला द्यावा लागतो, आणि तो सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटला जातो. सोबत छोट्यामोठ्या सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी योजना आहे, तिच्यात आजवर दहा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्यात. तरी मोकळं रान तिथेही नाही. लंडनच्या राजघराण्याच्या उद्यानांत डिटेक्टरला बंदी आहे आणि थेम्सच्या काठावर चिखल चाळायलासुद्धा परवाना लागतो.

तिथली एक गोष्ट भावाला मी मुद्दाम सांगितली. १९९२ मध्ये सफक परगण्यातल्या हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधायला त्याचे मित्र एरिक लॉज डिटेक्टर घेऊन शेतात गेले. हातोड्याऐवजी रोमन काळातली नाणी आणि चांदीचे चमचे लागले. थोडं वर काढल्यावर लॉज थांबले आणि त्यांनी कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले. जवळपास १५ हजार नाणी निघाली. लॉज थांबले म्हणूनच हेही कळलं की सगळं एका लाकडी पेटीत नीट रचून ठेवलेलं होतं. कुणीतरी घाईत फेकलेलं नव्हतं, परत येण्याच्या हिशेबाने ठेवलेलं होतं. लॉजना १७.५ लाख पौंड मिळाले, ते त्यांनी शेतकऱ्यासोबत वाटून घेतले. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तर, किल्ल्यावर जायचं का?

जायचं. डिटेक्टर घरी ठेवून. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे, पण तेवढंच कारण नाही. आपल्याकडे लेण्यातला लेख, बखर, ताम्रपट हे सगळं राजांनी आणि त्यांच्या पदरी असलेल्यांनी लिहून ठेवलं. बाजारात भाजी घेणाऱ्या बाईने काही लिहिलं नाही. तिच्या हातातून पडलेलं नाणं हाच तिचा लेख. ते कुठे पडलं ह्यात तिची अर्धी गोष्ट आहे, आणि ती आपण खुरप्याच्या एका घावात पुसू शकतो.

आणि कधी चुकून सापडलंच, पावसाने उघडं पडलेलं, शेत नांगरताना वर आलेलं, तर? खिशातला फोन डिटेक्टरपेक्षा जास्त कामाचा आहे. लोकेशन चालू ठेवून आहे त्या जागीच फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून. आणखी खणू नका. चिंच-मीठ लावून चकचकीत करू नका, हिरवा थर गेला की अक्षरंही जातात. तहसील किंवा कलेक्टर कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जागा टाकू नका, दुसऱ्या रात्री तिथे असीरगड होईल.

हे सगळं मी भावाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे बारा हजार पाण्यात." मी म्हटलं, "तुझे गेले. पण बीप वाजल्यावर थांबायला तू शिकलास तर वसूल."

मागच्या आठवड्यात तो महापालिकेच्या उद्यान विभागात जाऊन अर्ज देऊन आला. तिथल्या बाईंनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "असा अर्ज पहिल्यांदाच आलाय, कुठल्या फायलीत लावू?" उत्तर अजून आलेलं नाही. तोवर भोकाचा पैसा एका छोट्या पाकिटात आहे. पाकिटावर भावाने बॉलपेनने लिहिलंय: बागेचं नाव, तारीख, कोणत्या झाडापासून किती पावलं आणि खोली, चार बोटं.